जालन्याची जेन कोण लिहिणार?

शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. मामीच्या घरी छळ सोसणारी अनाथ मुलगी शिकते, शिक्षिका होते आणि धन्यासमोर बरोबरीने उभी राहते. ही कथा आजही नव्याने लिहिली जाते. आंबेडकरी वाचकाला तिचे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कथा कोण सांगतो यावर न्याय कोणाला मिळतो हे ठरते.

धन्याची पहिली पत्नी, जमैकाची बर्था, माडीवर कोंडलेली आहे. तिची बाजू तिच्या तोंडून येतच नाही. कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी १९६६ साली ‘वाइड सरगॅसो सी’ लिहून तिला वाचा दिली. वकिलाच्या नजरेला येथे आणखी एक गोष्ट दिसते. बर्थाशी लग्न झाले ते तीस हजार पौंडांसाठी आणि तेव्हाच्या कायद्याने तो पैसा नवऱ्याचा झाला. जेन मात्र चुलत्याच्या वारशाने स्वतंत्र झाली. एकीची मालमत्ता गेली, ती कोंडली गेली. दुसरीला मिळाली, ती सुटली.

बाबासाहेबांनी हे मर्म ओळखले होते. हिंदू कोड बिलात मुलीला वारसाहक्क होता आणि हुंडा ही वधूची विश्वस्त मालमत्ता ठरवण्याची तरतूद होती. बिल अडवले गेले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली.

कादंबरीतला पाद्री जेनला पत्नी करून हिंदुस्थानात धर्मकार्याला नेऊ पाहतो. इथली माणसे मात्र त्या पानांत बोलत नाहीत. अशाच मिशनने १९व्या शतकात जालन्याजवळ काम केले. नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले, तेथे मातंग, महार कुटुंबे आली. त्या वस्तीतल्या पोरक्या मुलीची कथा कोणी लिहिली?

आज अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यातून कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेथे आई-बाप गमावलेल्या मुलीच्या वाट्याला वारसा येत नाही, मुकादमाची उचल येते. तिला सांगणारे कोणी आहे काय, की आई-बापाच्या कर्जापायी तिला राबवणे हा १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे? की २०१८ साली राज्याने अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिले?

नव्या जेनचा शेवट धन्याशी लग्नात नको. तिच्या हातात दाखला आणि कायदा असावा. लेखणी असणाऱ्यांनी ती कथा लिहावी. कार्यकर्त्यांनी आधी तिच्या झोपडीपर्यंत जावे.