धक्क्यावरील घड्याळ

पावसाळा सरून दर्या निवला की मुरगावच्या धक्क्याला पर्यटक जहाजे लागू लागतात. सकाळी आलेले जहाज बहुधा सायंकाळी निघून जाते. त्यातून उतरलेले शेकडो उतारू मधल्या सात-आठ तासांत जुने गोवे, पणजी, मंगेशी, फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागा असे जे पदरात पडेल ते पाहतात आणि दिवस कलण्यापूर्वी धक्क्यावर परततात. परततात असे आम्ही म्हणतो खरे. पण त्यांतील कित्येकांनी परतीची वाट घड्याळाकडे पाहत, जीव मुठीत धरून कापलेली असते, हे त्यांना नेणाऱ्या टॅक्सीचालकांना विचारावे. हंगामातील पहिल्या जहाजाचे स्वागत हारतुरे आणि ढोलताशे यांनी करण्याची प्रथा आपल्याकडे पडली आहे. आलेल्या पाहुण्याला वेळेवर परत पोहोचविण्याचा विचार मात्र त्या मानाने फारसा झालेला दिसत नाही. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यावर या भागातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे, आणि प्रसंगी एखाद्या उतारूचा जीवही, म्हणून त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जहाज थांबत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सुटण्याच्या वेळेपूर्वी अर्धा ते एक तास सर्व उतारूंनी जहाजावर असावे, असा जगभरचा रिवाज आहे, आणि तो कप्तानाच्या लहरीतून निर्माण झालेला नाही. बंदराचा पायलट ठरलेल्या घटकेला जहाजावर चढतो, ओढून नेणाऱ्या टग बोटी त्याच घटकेला तयार असतात, रिकाम्या होणाऱ्या धक्क्यासाठी दुसरे जहाज कधी कधी बाहेर नांगर टाकून बसलेले असते. काही बंदरांत भरती-ओहोटीचाही हिशेब असतो. निघण्यास झालेला उशीर पुढे वेग वाढवून भरून काढावा, तर वेग दुप्पट करण्यास शक्ती जवळजवळ आठपट लागते आणि इंधन त्या प्रमाणात जळते. दोघा उतारूंनी बाजारात केलेल्या अर्ध्या तासाच्या घासाघिशीचा भुर्दंड दोन हजार उतारूंनी का सोसावा, हा कप्तानाचा प्रश्न रास्त आहे. या किनाऱ्यावरील माणसाला तरी तो समजावून सांगण्याची गरज नसावी. मुंबई ते पणजी आगबोट धावत होती त्या काळी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचे उतारू वळकट्या आणि ट्रंका घेऊन तास तास आधी किनाऱ्यावर येऊन बसत; कारण भोंगा झाल्यावर पडाव वल्हवीत मागून गेलेल्यासाठी आगबोट खोळंबत नसे. आजच्या उताऱ्याच्या खिशात दूरध्वनी असतो आणि दारात मोटार उभी असते. त्यामुळे सर्व जग आपल्यासाठी पाच मिनिटे थांबेल, असा एक भ्रम त्याला सहज होतो.

तो भ्रम किती महाग पडतो, याचे उदाहरण 2024 च्या मार्च महिन्यात घडले. ‘नॉर्वेजियन डॉन’ हे जहाज केप टाऊनहून बार्सिलोनाकडे निघाले असता आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानजीकच्या साओ तोमे बेटाशी थांबले. हे बेट 1975 पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते, त्यामुळे गोमंतकीय वाचकांना त्याचे नाव अपरिचित नसावे. जहाजाने आयोजित न केलेल्या, स्वतंत्रपणे ठरविलेल्या सहलीवर गेलेले आठ उतारू तेथे वेळेत परतले नाहीत. जहाज अद्याप नांगरावरच होते. तटरक्षकांच्या नौकेतून ते जहाजापर्यंत पोहोचलेही. परंतु त्यांना वर घेण्यात आले नाही. त्यांची पारपत्रे बंदरातील एजंटाच्या स्वाधीन करून जहाज निघून गेले. पुढे ही मंडळी एकामागून एक देश ओलांडीत गांबियाला पोहोचली, तर ओहोटीमुळे जहाजाला तेथे लागता आले नाही. मग सेनेगलपर्यंतचा रस्ता त्यांनी मोटारीने काटला आणि 2 एप्रिल रोजी डाकर बंदरात त्यांना आपले जहाज गाठता आले.

या प्रकरणी त्या वेळी बराच वाद झाला. नियमाप्रमाणे पाहता दोष उतारूंचा होता. तथापि जहाज समोर उभे, नौका शिडीशी लागलेली आणि आत घेण्यास नकार, यात नियमपालनापेक्षा धडा शिकविण्याची वृत्ती अधिक दिसते, असे आमचे मत आहे. समुद्रावरील जुना शिष्टाचार असा नव्हता.

पण आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. जहाज कोणासाठीच थांबत नाही, हे म्हणणे पूर्ण सत्य नव्हे. जहाज कंपनीने स्वतः विकलेल्या सहलीची बस अडकली, तर ते जहाज सामान्यतः थांबते. नच थांबता आले तर त्या उतारूंना पुढील बंदरात पोहोचविण्याचा भार कंपनी उचलते. बाहेरची टॅक्सी करून गेलेल्याला मात्र हे संरक्षण नाही. यामागे कारण आहे. आपली बस कोठे आहे, तीत किती माणसे आहेत, ती कधी पोहोचेल, हे कंपनीला ठाऊक असते; परक्या टॅक्सीविषयी तिला काहीच कळत नाही. हे कबूल करूनही सांगावेसे वाटते की, या भेदावर मोठा व्यापार उभा राहिला आहे. सहलीच्या तिकिटात बसभाडे व वाटाड्याचे वेतन तर असतेच. त्यांच्या जोडीला मागे राहण्याचे भय आणि त्या भयापासूनची सुटकाही विकली जाते. तेच देऊळ, तेच चर्च, तीच काजूची पिशवी उतारू बाहेर कमी पैशांत पाहू आणि घेऊ शकतो, हे त्याला कळत नाही असे नाही. तरीही तो जादा पैसे मोजतो, कारण त्याला संध्याकाळी जहाजावर असावयाचे असते.

मुरगाव बंदराच्या दारात उभ्या असलेल्या टॅक्सीचालकाची अडचण नेमकी येथे आहे. सहलीच्या बसगाड्या आणि टॅक्सीचालक यांच्यातील कुरबुर जुनी आहे. तिच्यात शिरण्याचा आमचा विचार नाही. पण बसगाड्या अडविल्याने उतारू टॅक्सीत बसेल, ही समजूत चुकीची आहे. तो बसेल तो भरवशामुळे. साडेचार वाजता धक्क्यावर आणून सोडीन, हा शब्द जो चालक देऊ शकेल आणि ज्याच्या शब्दामागे कोणीतरी उभे असेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक आपण होऊन येईल. आज तो शब्द एकट्या चालकाचा असतो. बहुतेक चालक तो पाळतात, मग कुठ्ठाळीला मोटार बंद पडो वा वास्कोत कोंडी होवो. परंतु परक्या देशात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या वृद्ध दांपत्याला हे कसे कळावे?

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. उतारूंचा वेळ रस्त्यापेक्षा अधिक खाल्ला जातो तो दलालीच्या दुकानांत. ज्याला बासिलिका पाहावयाची आहे त्याला आधी गालिच्यांच्या आणि नकली जडजवाहिऱ्यांच्या दुकानासमोर उतरविले जाते. तेथे चहा येतो, थानच्या थान उलगडली जातात, आणि पाऊण तास सरतो. या पाऊण तासाची चोरी चालकही करतात आणि सहलीच्या बसगाड्यांचे वाटाडेही करतात. फरक इतकाच की बसच्या बाबतीत जहाज थांबते. मंगेशीच्या देवळात मग पाचच मिनिटे उरतात. सभामंडपात पाय ठेवतो न ठेवतो तोच वाटाड्या टाळ्या वाजवून माघारी बोलावतो. पाहुण्याने दीपस्तंभ डोळे भरून पाहिला नाही, तळीकाठी घटकाभर टेकला नाही. मग तो गोवे पाहून गेला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

अंतराचा हिशेब अवघड नाही. धक्क्यापासून जुने गोवे तीस-पस्तीस किलोमीटर. जुवारी नदीवरील नव्या पुलाचा एक भाग 2022 च्या डिसेंबरात आणि दुसरा 2023 च्या डिसेंबरात खुला झाल्यापासून आगशी-कुठ्ठाळीच्या दरम्यान तास तास अडकून पडण्याची पूर्वीची विपत्ती बरीच टळली आहे. तरी शाळा सुटण्याची वेळ, कार्निव्हालची मिरवणूक, एखाद्या मंत्रिमहोदयांचा ताफा, यांचा नेम नाही. (वास्कोचा दामोदर सप्ताह श्रावणात येतो आणि पावसामुळे त्या दिवसांत ही जहाजे नसतात, हे त्यातल्या त्यात बरे.) शहाण्या उताऱ्याने सर्वांत दूरचे ठिकाण सकाळी प्रथम पाहावे आणि मागे येत येत बाकीची पाहावीत, वास्कोचा बाजार शेवटी ठेवावा, म्हणजे उशीर झालाच तर तो धक्क्याच्या दारात होतो. हे प्रत्येक अनुभवी चालकाला ठाऊक आहे. सहलीच्या छापील पत्रकांतून मात्र बहुधा याच्या उलट क्रम आढळतो.

याहून फसवी बाब घड्याळाची आहे. दुबई वा मस्कतची वेळ आपल्या वेळेच्या दीड तास मागे. तिकडून आलेल्या ज्या उताऱ्याने मनगटावरचे घड्याळ पुढे केले नाही, त्याच्या लेखी साडेतीन वाजलेले असतात तेव्हा मुरगावला पाच झालेले असतात. मालदीवहून येणाऱ्याचे घड्याळ अर्धा तास मागे असते. अर्ध्या तासाचा हा फरक परदेशी माणसाच्या ध्यानात चटकन येत नाही, कारण बहुतेक देशांची घड्याळे पूर्ण तासांनी पुढेमागे असतात. त्यातच काही जहाजे बंदराची वेळ न पाळता आपली स्वतःची वेळ पाळतात, आणि खिशातला दूरध्वनी कोणती वेळ दाखवीत आहे हे त्याच्या धन्यालाही सांगता येत नाही. चालक पाच म्हणतो, उतारूही पाच म्हणतो; दोघे निरनिराळ्या पाचांविषयी बोलत असतात.

वेळ पाळण्याचे बंधन उतारूवर आहे, तसे माणसे मोजण्याचे बंधन जहाजावर आहे. मोठ्या जहाजांवर उतरताना आणि चढताना प्रत्येकाचे कार्ड यंत्रावर तपासले जाते, त्यामुळे कोण किनाऱ्यावर राहिला आहे हे क्षणात कळते आणि त्याच्या नावाचा पुकारा होतो. परंतु 2025 च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या ‘कोरल ॲडव्हेंचरर’ या लहान जहाजावरील ऐंशी वर्षांची एक वृद्धा लिझर्ड बेटावरील टेकडी चढताना मागे पडली आणि जहाज तिच्यावाचून निघून गेले. ती जहाजावर नाही हे काही तासांनी लक्षात आले. जहाज परतले, शोध झाला आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. ती सहल कोणा परक्याची नव्हती, जहाजाचीच होती. आमच्याबरोबर याल तर सुरक्षित राहाल, या हमीचे येथे काय झाले? आठ जणांना उशिराबद्दल बेटावर सोडून देणारा कडक नियम आणि एका वृद्धेला न मोजता नांगर उचलणारा ढिलेपणा, ही दोन्ही उदाहरणे एकाच धंद्यातील आहेत.

मुरगावला मागे राहिलेल्या उताऱ्याची गत काय? पुढचे बंदर मंगळूर वा कोची असेल तर मडगावहून कोकण रेल्वेने किंवा दाबोळीहून विमानाने त्याला जहाज गाठता येते, पैसे गेले तरी. पुढचे बंदर परदेशातील असेल, तर पारपत्र, व्हिसा, निर्गमनाची नोंद असे सर्व सोपस्कार आले. आणि औषधे तर जहाजावरील खोलीतच राहिलेली असतात. अशा माणसाने सायंकाळी सहा वाजता कोणाकडे जावे, हे आज धक्क्याच्या दारावर कोठेही ठळकपणे लिहिलेले असावयास हवे.

बंदर प्राधिकरण आणि पर्यटन खाते यांच्याकडे आमचे मागणे फार खर्चाचे नाही. जहाज लागेल त्या दिवशी दारात मोठे घड्याळ असावे, आणि त्याखाली शेवटच्या उताऱ्याने चढण्याची वेळ भारतीय वेळेप्रमाणे ठळक आकड्यांत लिहावी. तीच वेळ, जहाजाच्या एजंटाचा दूरध्वनी क्रमांक आणि गाडीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टॅक्सीत बसणाऱ्या प्रत्येकाला आणि चालकालाही मिळावी. दारातून सुटलेल्या गाड्यांची नोंद ठेवली, तर कोणती टॅक्सी अद्याप बाहेर आहे हे एजंटाला तासभर आधी कळेल, आणि परक्या गाडीविषयी काहीच ठाऊक नसते ही कंपनीची सबब उरणार नाही. अशा नोंदलेल्या गाडीतून येणाऱ्या उताऱ्याला कंपनीने आपल्या सहलीच्या उताऱ्यासारखेच वागवावे, अशी बोलणी सरकारने तिच्याशी करावी. टॅक्सीचालकांच्या संघटनांनीही आपल्याकडून दोन गोष्टी लिहून द्याव्यात: उताऱ्याने मागितल्याखेरीज दुकानासमोर गाडी उभी राहणार नाही, आणि एकाची गाडी वाटेत बंद पडली तर मागून येणारा दुसरा त्याचे उतारू जादा भाडे न घेता धक्क्यावर आणील. दुसरी गोष्ट आपले चालक आजही करतातच. ती कागदावर येण्यास पुढील जहाजाची वाट पाहण्याचे कारण नाही.