मूळ न वाचलेले भाषांतरकार

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याला गणित आणि भौतिकशास्त्र हवेच कशाला, असा प्रश्न हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. साधने तयार आहेत, ती जोडता आली की झाले, हा त्यामागील युक्तिवाद. मार्च २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीच्या १४ विषयांपैकी कोणतेही तीन चालतील अशी तरतूद केली, तेव्हा या विचाराला जणू राजमान्यताच लाभली. खुलासे आले ते टीका झाल्यावर.

साहित्याच्या अध्यापकांनी यात का पडावे? कारण हा प्रश्न आमच्या परिचयाचा आहे. आज्ञावली हे जगाचे यंत्राच्या भाषेत केलेले भाषांतर असते. आणि ज्याने मूळ वाचलेले नाही, त्याला भाषांतरात काय निसटले हे कळत नाही.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा निष्प्रभ ठरली. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. आपल्या दशमान लेखनात ०.१ ही साधी संख्या; द्विमान लेखनात मात्र ती कधीच संपत नाही. यंत्राने २४ बिटांत मावेल तेवढी ठेवली आणि उरलेली छाटली. सुमारे १०० तासांत ही क्षुल्लक छाट साचून सेकंदाच्या एक-तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडार भलत्याच जागी शोध घेत राहिले आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. छाट ओळखणे हे गणित. ती किती अंतराला भोवेल हे जाणणे, भौतिकशास्त्र.

ती यंत्रणा रचणारे गणित शिकलेलेच होते, असा प्रतिवाद होईल. होते; आणि जाणत्यांच्याही नजरेतून जे निसटते, ते अजाणांना दिसेल अशी आशा कोणत्या आधारावर बाळगावी? बहुसंख्य अभियंते क्षेपणास्त्रांसाठी नव्हे, दुकानांच्या बिलांसाठी आज्ञावल्या लिहितात, हा दुसरा आक्षेप. मान्य. परंतु द्विमान अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या बिलातही पैशाचा हिशेब चुकू शकतो.

व्याकरण न शिकता बोलता येते. वाक्य कोठे आणि का बिघडले, हे मात्र सांगता येत नाही. साधने जोडण्याचे कौशल्य नोकरीत शिकता येईल. त्या साधनांवर अविश्वास कोठे दाखवावा, ही जाण मूळ विद्येतूनच येते. तिला ऐच्छिक ठरवणारे विद्यार्थ्यांचे ओझे हलके करीत नाहीत; ते फक्त दुसऱ्याच्या माथी मारतात.