मराठवाड्यात आहे काय?

आमचे पुण्याचे मेहुणे दर दिवाळीला हा प्रश्न विचारतात. नांदेडला गुरुद्वारा, लातूरला शिकवणीचे वर्ग आणि मधे सगळा उजाड माळ, एवढाच त्यांचा भूगोल! फोटो काढायला ते महाबळेश्वरला जातात. तिथं एकाच कठड्याशी उभी राहून शंभर माणसं एकच धुकं टिपतात.

माझं म्हणणं असं, की उजाड माळ नसतो, उतावळा डोळा असतो. माझा कॅमेरा लाकडी, मोठा. पुढं भिंग, मागं दुधी काच, मधे बाजाच्या पेटीसारखा भाता. चार बाय पाच इंचांच्या एका फिल्मवर एकच फोटो. फिल्मची किंमत घरात सांगायची नसते. त्यामुळं बटण दाबण्याआधी माणूस तासभर दगडाकडं बघतो. मेहुण्यांनी बायकोकडं तरी कधी इतकं बघितलं असेल का, शंका आहे.

आणि बघण्यासारखं किती! लातूरकडचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. औशाजवळ खरोशाला तर जांभ्यात लेणी कोरलीत. देगलूर-बिलोलीकडं हा काळा थर संपतो आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं! उन्हापावसानं कोपरे झिजून गोल झालेले धोंडे एकावर एक बसलेत. मोबाइलमध्ये ते खडीच्या ढिगासारखे येतात. माझ्या कॅमेऱ्यात भिंगाची पाटी जराशी पुढं झुकवली, की पायाजवळचं कुसळ आणि लांबचा धोंडा दोन्ही लख्ख.

देगलूरच्या पुढं एकदा काळ्या कापडात डोकं खुपसून उभा होतो. बाहेरून आवाज आला, "काय मोजायलाव साहेब? रस्ता जायलाय का हितून?"

म्हटलं, "नाही हो मामा, फोटो काढतोय."

"धोंड्याचा?"

त्यांना कापडाखाली घेतलं. काचेवर सगळं उलटं दिसतं. मामा बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग म्हणाले, "जलमभर ह्याच्या सावलीला भाकर खाल्ली. असा कधी बघितलाच नव्हता."

पुढच्या वर्षी गेलो तर धोंडा नव्हता. खडी झाली होती. ज्यांनी फोडला त्यांनाही कुणी सांगितलं असणार, इथं आहे काय! धोंडा आता माझ्या एका निगेटिव्हवर आहे, तोही उलटा. मामांना एक प्रत नेऊन दिली. मेहुण्यांना दाखवली, तर म्हणाले, "छान. कर्नाटकातलं का?"