एका बाकावरची मुलं

परवा ऑफिसात चहाच्या वेळी शाळाप्रवेशाचा विषय निघाला. मुलाला वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत घालायचा विचार आहे, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने लगेच अडवलं, "थंय सगळीं भायल्यांचीं भुरगीं. तुजें फाटीं उरतलें." आम्ही बाकीचे गप्प राहिलो. मीसुद्धा. म्हणून आज हे लिहितोय.

गोव्यातल्या कितीतरी सरकारी मराठी प्राथमिक शाळांत आज कन्नड, लमाणी, हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलं शिकतात. त्यांचे आईबाप आपली घरं बांधतात, बाजारात ओझी वाहतात. आपण मराठीसाठी सभा घेतो आणि मुलांना इंग्रजी शाळेत धाडतो. माझी मुलगीही इंग्रजी शाळेतच गेली, हे कबूल. मराठी शाळांचे वर्ग भरतात ते बऱ्याच ठिकाणी या 'भायल्यां'मुळे.

पण अशा वर्गात आपलं मूल खरंच मागे पडतं का?

दिल्लीत २००७ साली बड्या खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं जास्त उदार निघाली, गरीब मुलांशी खेळायला जास्त राजी झाली. गणित आणि हिंदीत काही बिघडलं नाही. इंग्रजीचे गुण मात्र थोडे उतरले, हेही सांगायला हवं. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांवरून पाडले होते. तिथे ज्यांच्या गटात गरीब मूल आलं, त्यांच्यात बदल जास्त दिसला.

तिथे प्रश्न गरीब-श्रीमंतीचा होता. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली तो वंशाचा होता. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने मुलांचे मिश्र गट केले आणि धड्याचा एकेक भाग एकेका मुलाला दिला. तो त्याने इतरांना शिकवायचा. त्याची टवाळी केली तर आपलाच धडा अपुरा राहणार! दुरावा कमी झाला, मागे पडलेल्या मुलांचे गुण सुधारले आणि गोऱ्या मुलांचं नुकसान झालं नाही.

म्हणजे नुसती हजेरीपटावर नावं एकत्र आली की मैत्री होत नाही. एकमेकांवाचून अडेल असं काम मुलांना द्यावं लागतं. लमाणी मुलगा मागच्या बाकावर आणि आपला पुढच्या बाकावर बसला, तर दोघंही काही शिकणार नाहीत. हे काम शिक्षकाचं, पण चार वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात घालून ते होणार नाही. शिक्षक पुरेसे द्या, ही मागणी आपणच करायला हवी.

त्या सहकाऱ्याला मी आता सांगणार आहे, घाल मुलाला तिथं. फक्त पहिल्याच पालकसभेत बाईंना विचार, वर्गात कोण कोणाशेजारी बसतं?