राखेचा खड्डा

परवा नातू आला तो मोठं खोकं घेऊनच. आत त्याने स्वतः केलेली वाफेच्या इंजिनांची शेड, प्रमाण १:८७. टर्नटेबल, कोळशाचा ढीग, पाण्याचा सोंडेसारखा नळ, सगळं सुबक. मी विचारलं, "अरे, राखेचा खड्डा कुठाय?" तर म्हणतो, "आजोबा, तो घाण दिसतो."

आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. माझे वडील दौंडच्या शेडमध्ये खलाशी होते. फेरीहून आलेल्या इंजिनाची राख रुळांमधल्या खड्ड्यात पाडायची, पाणी मारून विझवायची, फावड्याने उपसायची, हे त्यांचं काम. जाळीत राख आणि क्लिंकर साचले की खालून हवा मिळत नाही, मग कोळसा कितीही घाला, वाफ धरत नाही.

आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ साली थांबली. नव्या मुलांनी इंजिन पाहिलं ते संग्रहालयातलं, रंग दिलेलं. त्यांचा दोष नाही. पण माझं मत विचाराल तर राख नसलेली शेड म्हणजे मोरी नसलेलं घर!

शेवटी दोघं बसलो. पुठ्ठ्याचा खड्डा केला. बंबातली राख चाळून पातळ फेविकॉलवर भुरभुरली. कडेला दोन सेंटिमीटरचा फावडेवाला उभा केला.

"याचं नाव काय ठेवू या?" नातवाने विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं.