एकलहऱ्याचा ‘हर्षद’ आकडा

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. स्थापित क्षमता ६३० मेगावॅट. तिन्ही संच चोवीस तास पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला १,५१,२०,००० युनिट वीज तयार होईल.

या संख्येतील अंकांची बेरीज ९ येते आणि ९ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक व गणिती द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी दिले. १ ते १० पर्यंतच्या प्रत्येक संख्येनेही तिला भाग जातो. तिचे एकूण विभाजक ३२०!

यात चमत्कार नाही. २१० म्हणजे २×३×५×७. त्याला तीन संच, २४ तास आणि मेगावॅटचे किलोवॅट करण्यासाठी १००० ने गुणले, की विभाजकांची गर्दी होणारच.

जुने, बंद झालेले १४० मेगावॅटचे संच आणि प्रस्तावित ६६० मेगावॅटचा संच, हे आकडेही हर्षदच. पण हा गुण संख्येचा. बॉयलरचा किंवा कोळशाचा नव्हे. संच दुरुस्तीला गेला किंवा मागणी घटली, की प्रत्यक्ष उत्पादन खाली येते. परिसरातील लोकांच्या श्वासात जाणारा धूर आणि साठणारी राखही जळालेल्या कोळशावर ठरते, फलकावरच्या क्षमतेवर नाही.

म्हणून बातमीत मेगावॅटचा आकडा दिसला, की सोबत भारांक विचारावा: क्षमतेच्या किती टक्के वीज खरोखर तयार झाली? आणि त्यासाठी कोळसा किती जळला?