पावसातला दुष्काळ

दुष्काळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? भेगाळलेली जमीन, १९७२ साली रस्त्यावर खडी फोडणारी बाई, लाल मिलो, सुकडी. ते खरंच आहे. पण आमच्या मालवणाकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, म्हणून तिथं दुष्काळ नव्हता असं कुणी म्हणालं, तर ते मी ऐकून घेणार नाही.

महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आषाढ-श्रावण म्हणजे उपासाचे दिवस, आणि हा उपास देवाचा नव्हे. शेत दुसऱ्याचं, लावणी आमची. जुनं भात संपलेलं, नवं अजून शेतात. मग टाकळा, रानातले कंद, जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. आजी म्हणायची, "पाणी होता रे, पेजेत शीत नाय होता." याची नोंद कुठल्या दप्तरात? पैसेवारी पिकाची काढतात. ज्याच्या नावावर वाफा नाही, त्याच्या पोटाची पैसेवारी कोण काढणार?

म्हणजे प्रश्न ढगांचा नाही, जमिनीचा आहे. बाबासाहेबांनी हे कधीच ओळखलं होतं. १९३७ साली त्यांनी खोती मोडायचं बिल कायदेमंडळात मांडलं, १९३८च्या जानेवारीत कोकणातली कुळं मोर्चानं मुंबईत उतरवली. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मधल्या काळात, १९४२ साली, जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ बंद झाला आणि भात पिकवणाऱ्या कोकणाचं ताट रिकामं पडलं.

आयर्लंडही पावसाचाच देश. १८४५ला बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत तिथलं धान्य जहाजं भरून इंग्लंडला जात होतं! पण तिथल्या गावांनी ही आठवण पुरली नाही. कुठली कुटुंबं उठली, कुणाला कुठं मातीआड केलं, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं.

आणि आपण? मुंबईत चार पैसे मिळवले की टाकळ्याचं नाव काढायची लाज वाटते. अरे, लाज उपाशी माणसानं का धरायची? ज्याची कणगी भरलेली होती त्यानं धरावी.

या खेपेला गावी जाल तेव्हा वही न्या. काय खाल्लं, कुणाच्या शेतात राबलात, भात उसनं कुणी दिलं आणि फेडताना किती मापलं, सगळं लिहून घ्या. म्हाताऱ्या चालल्यात. त्या गेल्या की सरकारी कागद तेवढा उरेल, आणि त्यावर लिहिलेलं असेल : पाऊस समाधानकारक.